'शेवटचं नाउन बघा' हा नियम पोरांना पाठ करायला देऊ नका

दहावीच्या पालकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरायलाय, 'नाउनचे ४ नियम, इंग्रजीचे मार्क पक्के'. नियम असे: नाउन म्हणजे व्यक्ती, वस्तू नाहीतर ठिकाणाचं नाव, प्रॉपर नाउनला (विशेषनामाला) 'द' कधीच लागत नाही, 'एस' लावला की अनेकवचन, आणि क्रियापद लावताना त्याच्या अगदी आधीचं नाउन बघायचं. मी सोलापुरात ट्युशन घेते, पहिले तीन अर्धवट आहेत आणि चौथा घातक आहे म्हणून हे लिहायलेय.

पहिला. 'अरायव्हल', 'डिसिजन', 'ऑनेस्टी', यात व्यक्ती कुठंय, वस्तू कुठंय? तरी तिन्ही नाउनच. 'आय रन' मधलं 'रन' क्रियापद आणि 'अ क्विक रन' मधलं नाउन, शब्द तोच, म्हणजे तो वाक्यात कुठं बसलाय हे बघावंच लागतं.

दुसरा. 'सोलापूर'ला 'द' नाही, बरोबर. पण नदीला लागतो, द भीमा, द सीना. रेल्वेगाडीला लागतो, द सिद्धेश्वर एक्सप्रेस. आपण ज्या पठारावर राहतो तेही द डेक्कन. मग 'कधीच नाही' कसं काय?

तिसरा. 'न्यूज'ला एस आहे तरी 'इज', 'पोलीस'ला एस नाही तरी 'आर', आणि 'फर्निचर', 'इन्फर्मेशन', 'ॲडव्हाइस' यांना एस लावायचाच नाही. झालं.

आता चौथा. परवा क्लासातल्या एका पोरीनं वहीत लिहिलं, 'द प्राइस ऑफ दीज चादर्स हॅव गॉन अप'. 'चादर्स' बघितलं आणि 'हॅव' ठेवून दिलं, अगदी मेसेजात सांगितलंय तसंच. पण वाढलंय काय? किंमत. म्हणजे मुख्य नाउन 'प्राइस', म्हणून 'हॅज'. इंग्रजीत 'ऑफ' आला की मुख्य नाउन आधी आणि बाकीचं लटांबर त्याच्या नंतर, आपल्याकडं बरोबर उलटं, 'चाटी गल्लीतल्या या चादरींची किंमत', किंमत शेवटी, क्रियापदाला चिकटून. त्यामुळं आपल्या पोरांचं लक्ष आधीच शेवटच्या शब्दाकडं जातं आणि हा मेसेज तीच चूक पक्की करतोय, याचं मला खरंच वाईट वाटतं. आणि नुसती नाउनं एकापुढं एक आली तर इंग्रजीतही शेवटचंच मुख्य असतं, 'टॉवेल फॅक्टरी' हा कारखाना, 'फॅक्टरी टॉवेल' हा टॉवेल, म्हणून तर तो नियम कधीकधी जमल्यासारखा वाटतो. पोरांना एकच विचारायला शिकवा, हे सगळं नेमकं कशाबद्दल चाललंय? त्यातही एक जागा जपायची: 'द नंबर ऑफ वीव्हर्स इज' म्हणजे विणकरांचा आकडा, 'अ नंबर ऑफ वीव्हर्स आर' म्हणजे बरेच विणकर.

ज्यांनी मेसेज पुढं ढकललाय त्यांनी निदान चौथा नियम तरी चुकीचा आहे असं त्याच ग्रुपवर लिहा, पोरं तो पाठ करून बसलीत.