खेकड्याची शिंगं का गळतात? फ्यूज बीड्सवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

फ्यूज बीड्सवरच्या माझ्या लिखाणावर तुम्ही प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, तेव्हा उत्तरही तसंच देणं भाग आहे. फ्यूज बीड्स म्हणजे खुंट्यांच्या फळीवर (पेगबोर्डवर) चित्रासारखे मांडून इस्त्रीने वितळवून जोडायचे प्लास्टिकचे छोटे मणी. बाकीच्या वाचकांसाठी तुमच्या तक्रारी आधी थोडक्यात सांगतो. 'स्पेस इन्व्हेडर्स' या जुन्या व्हिडिओ गेममधल्या खेकड्याची शिंगं आणि पाय इस्त्रीनंतर गळून पडले. मारिओचे रंग चुकीचे दिलेत, शिवाय तो उपाशी दिसतो. मास्किंग टेप हा नसता उपद्व्याप आहे. अख्खा तुकडा पापडासारखा वाकला. आणि शेवटी, दुसऱ्याच्या चित्राची नक्कल करण्यात कसली आलीय कला? उपायही तुम्हीच सुचवलाय: "इस्त्री दुप्पट वेळ फिरवा असं सरळ लिहा ना."

तसं लिहिणार नाही, कारण शिंगं गळण्याचा आणि इस्त्रीच्या वेळेचा संबंध नाही. दुप्पट नाही, चौपट वेळ फिरवलीत तरी ती गळणारच.

पडद्यावरचा पिक्सेल चौकोनी असतो. दोन पिक्सेल नुसत्या कोपऱ्यांनी भिडले तरी डोळ्याला ते जोडलेले वाटतात. मणी मात्र गोल. नेहमीचा मणी ५ मिलिमीटरचा आणि पेगबोर्डवर शेजारच्या दोन खुंट्यांमधलं अंतरही ५ मिलिमीटर. त्यामुळे वर, खाली, डावीकडे, उजवीकडे मणी एकमेकांना टेकतात. तिरकं अंतर मात्र ७ मिलिमीटर होतं, म्हणजे मधे २ मिलिमीटरची फट राहते. वितळलेला मणी थोडा पसरतो हे खरं, पण २ मिलिमीटरची फट भरून निघेपर्यंत इस्त्री फिरवली तर बाकीच्या मण्यांची भोकं बुजून सगळा लगदा होईल.

आता तुमचा खेकडा घ्या. १९७८च्या मूळ खेळात तो ११ घरं रुंद आणि ८ घरं उंच आहे, आणि हात खाली असलेल्या चित्राला एकूण ४६ मणी लागतात. पहिल्या ओळीत दोनच मणी, तिसऱ्या आणि नवव्या घरात. दुसऱ्या ओळीतही दोनच, पण चौथ्या आणि आठव्या घरात. म्हणजे शिंगांची टोकं खालच्या मण्याला फक्त तिरकी भिडतात. पायांचं तेच. सातव्या ओळीत पहिलं, तिसरं, नववं आणि अकरावं घर भरलेलं, तर आठव्या ओळीत चौथं-पाचवं आणि सातवं-आठवं. पायांचे चारही मणी वरच्या ओळीला सरळ कुठेच टेकत नाहीत. दोन टोकं आणि चार पाय मिळून सहा मणी इस्त्रीखाली कितीही वेळ ठेवले तरी सुटेच. तुमच्याकडेही नेमके हेच सहा मणी पडले असणार.

त्याला चार जास्तीचे मणी हा उपाय आहे. पहिल्या ओळीत चौथ्या आणि आठव्या घरात एकेक, आठव्या ओळीत तिसऱ्या आणि नवव्या घरात एकेक. हे पारदर्शक घेतले तर लांबून दिसत नाहीत. एकूण ५० मणी झाले. ज्यांना आकारात काहीच ढवळाढवळ नको असेल त्यांनी चारही बाजूंना एकेक ओळ वाढवून १३ गुणिले १० ची काळी पाटी करावी. त्याला ८४ काळे मणी जास्त लागतात आणि तुकडा साडेसहा बाय पाच सेंटिमीटरचा होतो. नाहीतरी खेळात पार्श्वभूमी काळीच आहे, त्यामुळे मला ही पाटीच जास्त आवडते.

कुठलंही पात्र लावून झालं की इस्त्री तापायच्या आधी प्रत्येक टोकाच्या मण्यावर बोट ठेवून पाहा. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे यांपैकी एका तरी बाजूला शेजारी आहे का, आणि त्या शेजाऱ्यावरून सरळ-सरळ जात धडापर्यंत पोचता येतं का? नसेल तर तिथे मणी वाढवा. 'माइनक्राफ्ट'च्या क्रीपरचा चेहरा ८ गुणिले ८ चा भरीव चौकोन, तिथे ही भानगडच नाही. पॅकमॅनही भरीव. अडचण येते ती तलवारी, शेपट्या, मिशा आणि असली शिंगं असलेल्यांची.

किचेनची कडीसुद्धा शिंगात अडकवू नका. तिसऱ्या ओळीच्या मधल्या, म्हणजे सहाव्या घरातल्या मण्याच्या भोकातून ओवा. त्याला डावीकडे, उजवीकडे आणि खाली असा तिन्ही बाजूंनी आधार आहे. भोक आक्रसलं असेल तर तुकडा कोमट असतानाच टूथपिकने मोकळं करून घ्या.

मारिओचे रंग. तुम्हाला हवाय तो लाल शर्ट आणि निळी डंगरी हा आजचा मारिओ. १९८५च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मधल्या छोट्या मारिओची डंगरी लाल आहे, आणि शर्ट, केस, मिशा, बूट हे सगळं एकाच शेवाळी तपकिरी रंगात आहे. निन्टेन्डोच्या ज्या यंत्रावर तो खेळ चालायचा, त्यावर हलणाऱ्या चित्राच्या प्रत्येक तुकड्याला पारदर्शक सोडून तीनच रंग मिळायचे: इथे लाल, तपकिरी आणि त्वचेचा नारिंगीसर. निळा चौथा झाला असता. चित्रावरून मण्यांचा नमुना काढून देणाऱ्या तुमच्या अ‍ॅपने मारिओला चौदा छटा दिल्या, त्यातल्या अकरा मूळ चित्रात नाहीतच. मोठी केलेली, कडा धुरकटलेली जेपीजी अ‍ॅपला दिली की ते प्रत्येक धुरकट कडेला नवा रंग समजतं. मूळ मापाची पीएनजी घ्या, झूम करा आणि एका पिक्सेलला एक मणी लावा. १२ गुणिले १६ च्या चित्रासाठी अ‍ॅपची गरजच काय? मण्यांचा हिशेब १४०च्या आसपास जातो: तपकिरी पन्नाशीच्या थोडे वर, लाल आणि त्वचेचे प्रत्येकी पंचेचाळीसच्या घरात.

'उपाशी दिसतो' हे निरीक्षण मात्र मस्त आहे. या खेळाचा पिक्सेल जुन्या टीव्हीवर अगदी चौकोनी नव्हता. चित्र आडवं ताणलं जायचं आणि पात्र सुमारे १४ टक्के रुंद दिसायचं. मण्यांची जाळी चौकोनी, म्हणून तिच्यावर मारिओ टीव्हीवरच्यापेक्षा बारीक दिसतो. एखादी उभी ओळ वाढवून त्याला गुटगुटीत करायला जाल तर चेहरा बिघडेल, तेव्हा आहे तसाच राहू द्या.

मोठा हवा असेल तर दुप्पट किंवा तिप्पटच करा. दीडपट केलं की एक डोळा एका मण्याचा आणि दुसरा दोन मण्यांचा होतो. दुप्पट मारिओ २४ गुणिले ३२ होतो. त्याला साडेपाचशेहून जास्त मणी लागतात आणि २९ खुंट्यांचा एक बोर्ड पुरत नाही, दोन जोडावे लागतात.

आणि टेप लागते ती इथे. खेकड्याएवढ्या तुकड्याला टेप नको, एवढ्यापुरतं तुमचं म्हणणं मान्य. पण दोन बोर्डांवरचं काम बोर्डावरच भाजत बसलात तर वेळ जास्त लागतो आणि बोर्ड तापून वाकतो. एकदा वाकलेल्या बोर्डाच्या खुंट्या तिरक्या होतात आणि पुढच्या वेळी मणी नीट बसत नाहीत. याहून लहान 'मिनी' मण्यांच्या बोर्डाची तर वाटच लागते. म्हणून दोन इंची मास्किंग टेपच्या पट्ट्या थोड्या एकावर एक चढवून मण्यांवर घट्ट दाबायच्या आणि सुईने प्रत्येक मण्याच्या भोकावर टोचायचं, नाहीतर आत तापलेल्या हवेने टेप फुगते. मग सगळं उलटं करून बोर्ड उचलायचा आणि उघड्या बाजूला इस्त्री करायची. थंड झाल्यावर टेप काढून दुसरी बाजू. टेपवर थेट इस्त्री फिरवू नका, डिंक मण्यांत उतरतो. आणि लक्षात असू द्या, बोर्डाकडची बाजू आरशातल्यासारखी उलटी असते. खेकड्याला फरक पडत नाही, मारिओ मात्र तोंड फिरवून बसेल.

वाकण्याचं कारण साधं आहे. एकच बाजू वितळली की थंड होताना ती आक्रसते, दुसरी आक्रसत नाही, आणि तुकडा वितळलेल्या बाजूकडे वळतो. दोन्ही बाजूंना सारखी इस्त्री हवी. कोरडी इस्त्री, वाफ बंद, काटा मध्यावर. खाली सपाट लाकडी फळी ठेवा, चादरीची घडी नको. वर बेकिंग पेपर. आपल्याकडे बटर पेपर म्हणून जे मिळतं त्यात मेणाचा लेप दिलेला कागदही असतो, तो मण्यांना चिकटतो. इस्त्री दाबू नका, हलक्या हाताने गोल गोल १० ते १५ सेकंद फिरवा, मग कागद उचलून पाहा. भोक निम्म्यावर आलं की पुरे. वाफेच्या इस्त्रीच्या तळाला छिद्रं असतात. ती एकाच जागी राहिली तर तिथले मणी कच्चे राहतात, म्हणून फिरवत राहायचं. पंखा बंद, नाहीतर एक कड आधी गार होते. नंतर कागदासकट जाड पुस्तकाखाली हाताला गार लागेपर्यंत ठेवा.

तुम्ही दोन कंपन्यांचे मणी एकत्र वापरलेत असंही लिहिलंय. पर्लर, हामा, आर्टकल एकाच वेगाने वितळत नाहीत, आर्टकलमध्ये तर कडक आणि मऊ अशा दोन जाती आहेत. बिननावाच्या डब्यातल्या मण्यांचा भरवसा त्याहून कमी. प्रत्येकाचा ३ गुणिले ३ चा चौकोन शेजारी-शेजारी लावून १० सेकंद इस्त्री करा, कोण आधी बसतो ते कळेल.

कलेबद्दल एवढंच: नक्कल आहे, आणि नक्कल म्हणूनच केलेली आहे. विकायला ठेवणार असाल तर प्रश्न वेगळा, कारण मारिओ निन्टेन्डोचा आहे.

तुटलेला खेकडा मात्र फेकू नका. एकदा वितळलेला तुकडा पुन्हा खुंट्यांवर बसत नाही, तेव्हा तो बेकिंग पेपरवर सपाट ठेवा. गळलेले सहा आणि जास्तीचे चार मणी चिमट्याने जागेवर लावून वर दुसरा कागद ठेवा. नवे मणी उंच असल्याने आधी इस्त्री त्यांनाच लागेल. ते बाकीच्यांच्या पातळीला आले की मगच सगळ्यावरून एकदा फिरवा आणि उलटून दुसऱ्या बाजूलाही तेवढीच.