‘दोरावरून काढून आडवं केलं म्हणून गेला’ हे धादांत खोटं आहे

‘प्रत्येक आईबापाने वाचा, दहा ग्रुपवर टाका’ असं डोक्यावर लिहिलेला एक मेसेज सध्या धुळे, जळगाव, नंदुरबारच्या ग्रुपांमधून फिरतोय. रॅपलिंग करताना, म्हणजे दोरावरून कडा उतरताना, गेलेल्या आमच्या मित्राबद्दल आहे तो. वय चुकीचं, गाव चुकीचं, पण कोणाबद्दल आहे हे कळायला खान्देशात वेळ लागत नाही. घरात सुतक असताना मोबाइलवर भांडू नये म्हणून मी गप्प होतो. मग तो मेसेज समाजाच्या ग्रुपवरून थेट त्याच्या आईच्या फोनवर गेला आणि दहाव्याच्या दिवशी त्या माउलीने मला बाजूला घेऊन विचारलं, “आडा टाका म्हनीसन गया का रे भाऊ, मना आंडोर?” म्हणजे, आडवं ठेवलं म्हणून गेला का रे भाऊ, माझा मुलगा?

आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. दोरावर लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचून ‘विषारी’ होतं. त्याला लगेच आडवं केलं तर ते रक्त हृदयात जाऊन तो जागीच मरतो. म्हणून अर्धा तास बसवून ठेवायचं. हे सोबत्यांना माहीत नव्हतं आणि त्यांनीच त्याला मारलं. पुढे: दोर चायना माल होता, तुटला. रॅपलिंग म्हणजे पोरखेळ, त्यात फक्त स्टंट करणारे मरतात. अमावस्येला देवाच्या डोंगरावर पाय ठेवला, कोप झाला. हे सगळे क्लब परवान्याविना पैसे उकळतात. आणि शेवटी, रॅपलिंगवर कायमची बंदी घाला.

कडा कुठला आणि तो कोण हे मी लिहिणार नाही, घरच्यांनी तशी विनंती केली आहे. मी त्या दिवशी तिथे नव्हतो. पण दोर लावणाऱ्या दोघांना मी शिकवलंय आणि त्या सगळ्यांशी एकेकटं बसून बोललोय. घडलं ते एवढं: तो अर्ध्या कड्यावर असताना वरून दगड सुटला आणि हेल्मेटच्या खाली, मानेजवळ लागला. तो बेशुद्ध झाला, हात सुटला, पण प्रुसिकने, म्हणजे दोरावर आवळून बसणाऱ्या सुरक्षेच्या गाठीने, धरलं आणि तो दोरावर लटकत राहिला. ग्रुपमधली एक मुलगी शेजारच्या दोरावरून त्याच्यापर्यंत पोचली. मान सांभाळत, त्याचं वजन आपल्या डिसेंडरवर (दोरावरून सावकाश उतरायच्या साधनावर) घेऊन तिने त्याला खाली आणलं. आडवं ठेवलं. श्वास नव्हता म्हणून सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवण्याचा उपचार, सुरू केला. तोवर बाकीच्यांनी १०८ ला फोन केला होता. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मेसेज जिला खुनी ठरवतोय ती ही मुलगी. कॉलेजात शिकते. आता कोणाचा फोन उचलत नाही.

म्हणून पहिल्या मुद्द्यावर मी थांबणार आहे. बाकीच्यांना एवढा वेळ देण्याची लायकी नाही.

आधी लटकण्याने काय होतं ते बघा. आपण उभे असतो तेव्हा पायातलं रक्त वर ढकलण्याचं बरंचसं काम पोटऱ्यांचे आणि मांड्यांचे स्नायू करतात. हार्नेसमध्ये, म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधलेल्या पट्ट्यांमध्ये, हालचाल न करता लटकलं की ते काम थांबतं. रक्त पायांत साचू लागतं, हृदयाकडे कमी येतं, मेंदूला कमी पोचतं, नाडी मंदावते आणि माणसाची शुद्ध हरपते. शाळेच्या कवायतीत उन्हात ताटकळत उभं राहिलेलं पोरगं चक्कर येऊन पडतं तो हाच प्रकार. फरक इतकाच की ते पोरगं जमिनीवर पडतं, आपोआप आडवं होतं, रक्त परत डोक्याकडे येतं आणि ते डोळे उघडतं. दोरावरच्या माणसाला हार्नेस पडू देत नाही. तो बेशुद्ध होऊनही उभाच राहतो, मान छातीवर कलंडते, श्वासाची वाट बंद होते. म्हणजे मारतं ते उभं राहणं. आणि हा मेसेज सांगतो की त्याला अजून अर्धा तास उभ्या धडाने बसवून ठेवा!

हा सल्ला कोणी हवेतून काढलेला नाही, एवढं मला नाइलाजाने मान्य करावं लागेल. १९७२ साली इन्सब्रुकला पर्वतीय बचावकार्यातल्या डॉक्टरांची परिषद झाली. दोरावर लटकलेली काही माणसं सुटका झाल्यानंतर थोड्याच वेळात दगावल्याच्या नोंदी तिथे मांडल्या गेल्या. तेव्हा छातीला किंवा कमरेला नुसता दोर बांधून चढणारे पुष्कळ होते, आजच्यासारखे बसके हार्नेस सर्रास नव्हते. त्या नोंदींवरून ‘आडवं केल्याने मेले’ असा अंदाज बांधला गेला आणि पुढे उंचीवर काम करणाऱ्यांच्या प्रशिक्षणात अनेक वर्षं तोच शिकवला गेला. आपल्याकडेही काही जुन्या प्रशिक्षकांच्या तोंडी अजून आहे. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही.

पण मग त्याची तपासणी झाली. ब्रिटनमध्ये कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचे नियम बघणारी जी सरकारी संस्था आहे, हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह, तिने या विषयावरचे उपलब्ध वैद्यकीय पुरावे एकत्र करून तपासून घेतले. तो अहवाल २००९ मध्ये आला. निष्कर्ष सरळ होता: अर्धवट बसवून ठेवण्याच्या सल्ल्याला पुरावा नाही. लटकलेल्या माणसाला खाली घ्या आणि नेहमीचे प्रथमोपचार करा. बेशुद्ध असेल तर आडवं ठेवा, श्वासमार्ग मोकळा ठेवा. शुद्धीवर असेल तरी आडवं ठेवा. ‘अर्धा तास बसवा’ हा सल्ला तिथे मागे घेतला गेला. पर्वतीय बचावकार्यातल्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या, त्याही हेच सांगतात: लवकरात लवकर खाली घ्या, आडवं ठेवा. म्हणजे ज्या बिरादरीतून ती भीती आली, त्याच बिरादरीने ती पुसली. मेसेज लिहिणारा मात्र अजून तिथेच अडकलाय.

‘विषारी रक्ता’चं काय? कोणी तासन्‌तास लटकून राहिला तर पट्ट्यांच्या दाबाने स्नायूंना इजा होते आणि त्यातून सुटणारे घटक हृदयाला आणि मूत्रपिंडांना त्रास देऊ शकतात. हे खरं आहे. त्याचा इलाज दवाखान्यात होतो, म्हणून किती वेळ लटकला होता ते १०८ च्या डॉक्टरांना सांगायचं. कड्याच्या पायथ्याशी बसवून ठेवल्याने त्यातलं काहीही बरं होत नाही. आमचा मित्र काही मिनिटं लटकला होता आणि त्याच्या मानेला दगडाचा मार होता. ज्याचा श्वास थांबलाय त्याला बसवून सीपीआर कसा देणार, हे मेसेजवाल्याने एकदा करून दाखवावं.

त्या मुलीने केलं ते बरोबर होतं. तिच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. इतकं नीट केलं असतं की नाही, याची मला खात्री नाही. तिच्या आईवडिलांपैकी कोणी हे वाचत असेल तर तिला वाचून दाखवा.

आणि हा मेसेज ‘माहितीसाठी’ पुढे ढकलणाऱ्यांना एक विचारतो. उद्या तोरणमाळला किंवा पाटणादेवीच्या डोंगरात कोणी असाच लटकला, खाली घेणाऱ्याच्या डोक्यात हे वाक्य बसलेलं असलं आणि त्याने त्या बेशुद्ध पोराला अर्धा तास दगडाला टेकवून बसवलं, तर त्या मरणाची जबाबदारी कोण घेणार? लटकलेला माणूस शुद्धीवर असेल तर काय करायचं तेही सांगून ठेवतो, कारण मेसेजमध्ये एक ओळ तरी कामाची असायला हवी होती. पाय हलवत राहायचं. कातळ हाताशी असेल तर पायांनी रेटायचं. स्लिंगचा (सोबतच्या मजबूत पट्टीचा) फास करून त्यात पाऊल रोवून उभं राहायचं, म्हणजे मांडीच्या पट्ट्यांवरचा भार उतरतो. आणि वरच्यांनी चर्चा न करता दोर हलवायला घ्यायचा.

आता बाकीचं.

दोर तुटला नव्हता. तुटला असता तर तो लटकला कशाला असता? मेसेजच्या दुसऱ्या ओळीत लटकलेला माणूस चौथ्या ओळीत दोर तुटून पडतो, आणि शेकडो लोकांनी ते न वाचता पुढे पाठवलंय. रॅपलिंगला आपण जो स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणणारा, दोर वापरतो, त्याच्या युरोपीय मानकानुसार त्याला किमान २२ किलोन्यूटन ताण सोसावा लागतो. म्हणजे साधारण २,२०० किलोंचं वजन. गाठीमुळे ताकद कमी होते हे धरलं तरी माणसाच्या वजनाने असा धड दोर तुटत नाही. तो कापला जातो तो धारदार कातळावर घासून, म्हणून कडेला रोप प्रोटेक्टर, म्हणजे दोराला जाड आवरण, घालायचा. हो, हार्डवेअरच्या दुकानातला नायलॉनचा दोर घेऊन धबधब्यावर माणसं उतरवणारे महाभाग आहेत. त्यांच्याविरुद्ध मेसेज काढला असता तर मीच पुढे पाठवला असता.

खरा धोका दगडांचा होता, आणि त्यावर मेसेजमध्ये अवाक्षर नाही. आपल्याकडचे डोंगर बेसाल्टचे. थरावर थर, मधे मुरूम आणि लाल मातीचे पट्टे. पावसाळ्यात पाणी मुरतं, नंतर ऊन तापतं, आणि वरच्या घसाऱ्यातले दगड नुसत्या दोराच्या घासण्याने सुटतात. उतरणाऱ्याच्या रेषेत खाली कोणी उभं राहायचं नाही, वरच्याने कडेपाशी पाय जपून टाकायचा, काही सुटलं की जिवाच्या आकांताने ‘दगड!’ ओरडायचं. हे सगळं त्या दिवशी झालं होतं. तरी एक दगड लागला. हे स्वीकारणं फार अवघड आहे. माझ्या मते लोक दोषी शोधतात ते त्यामुळेच.

‘फक्त स्टंट करणारे मरतात’ म्हणे. टॉड स्किनर हा जगातल्या नावाजलेल्या प्रस्तरारोहकांपैकी एक. २३ ऑक्टोबर २००६ रोजी अमेरिकेतल्या योसेमिटीच्या लीनिंग टॉवर या कड्यावरून रॅपल करताना त्याच्या हार्नेसचा झिजलेला बिले लूप (ज्यात उतरायचं साधन अडकवतात ती पुढची पट्टी) तुटला आणि तो गेला. ब्रॅड गोब्राइट या दुसऱ्या प्रस्तरारोहकाने २०१७ मध्ये जोडीदारासोबत योसेमिटीतल्याच एल कॅपिटान कड्याच्या ‘नोज’ या चढाईमार्गावर वेगाचा विक्रम केला होता. २७ नोव्हेंबर २०१९ रोजी मेक्सिकोत तो आणि दुसरा एक साथीदार एकाच दोराच्या दोन बाजूंनी एकाच वेळी उतरत होते. दोराच्या टोकांना गाठी नव्हत्या. त्याच्या बाजूचा दोर संपला, तो टोकावरून निसटला. ३१ वर्षांचा होता. चढताना लक्ष पूर्ण जागं असतं. उतरताना माणूस दमलेला असतो, शिखर झालेलं असतं आणि सगळा भार एका दोरावर, एका अँकरवर, म्हणजे दोर बांधलेल्या आधारावर, असतो. म्हणून रॅपलिंगला पोरखेळ म्हणणारा माणूसच मला धोकादायक वाटतो. टोकाला गाठ मारा. प्रत्येक वेळी मारा.

अमावस्या त्या दिवशी नव्हतीच, कालनिर्णय उघडून बघा. आणि देवाच्या डोंगराचं खान्देशातल्या माणसाने तरी बोलू नये. दिवाळीत अस्तंब्याच्या डोंगरावर अश्वत्थाम्याच्या भेटीला सातपुड्यातली आणि सातपुड्याबाहेरची हजारो माणसं चढतात. चैत्रात आपल्या घराघरांतून सप्तशृंगीला पायी जातात, आणि त्याच आईच्या शिखरावर, जिथे धड वाट नाही, दरेगावचे मानकरी रात्री चढून ध्वज लावतात. खाली उभं राहून आपण हात जोडतो. देवीला डोंगर चढणाऱ्यांचा राग असता तर हे कधीच बंद पडलं असतं. एका आईला ‘तुझ्या पोरावर कोप झाला’ असं सांगणाऱ्याने स्वतःच्या देवघरासमोर बसून विचार करावा.

परवान्याचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि तो मी टाळणार नाही. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. पावसाळ्यात पोस्टर लावून, एका झाडाला एकच दोर बांधून, बॅकअपशिवाय रांगेने माणसं उतरवणारे आयोजक आपल्या जिल्ह्यांत आहेत, आणि आपण सगळे त्यांना ओळखतो. पैसे देण्याआधी नोंदणी विचारा, अँकर किती आहेत ते विचारा, हेल्मेट डोक्यावर घट्ट बसतं का बघा. पण आमचा मित्र फी भरून आलेला ग्राहक नव्हता. ती मित्रांची मोहीम होती. दोन अँकर होते, प्रुसिक होता, हेल्मेट होतं.

बंदीबद्दल एवढंच. बंदी घातली तर पोरं जायची थांबणार नाहीत. ती गुपचूप जातील, शिकवणाऱ्याशिवाय जातील, आणि काही झालं तर पोलिसांच्या भीतीने १०८ ला फोन उशिरा करतील.

पुढच्या महिन्यात लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी आम्ही एक दिवस जमणार आहोत. विषय एकच: बेशुद्ध माणसाला दोरावरून खाली घेणं, आडवं ठेवणं, सीपीआर. फी नाही, वयाची अट नाही, डोंगरात कधी न गेलेले आईबापही चालतील. तोवर हा मेसेज जिथे दिसेल तिथे त्याखाली हे टाका, आणि ज्याने पाठवलाय त्याला स्वतः फोन करून काढायला लावा.