नऊ पट्टे आणि एक गादी

नागपूरचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे, त्यांना पहाटे चार ते सहा या दोन तासांची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. दिवसभर तापलेली गच्ची त्या वेळी कुठे निवलेली असते आणि रात्रभर कूस बदलून दमलेल्या माणसाचा पहिल्यांदा नीट डोळा लागतो. सोमवार, २५ जून २००७ रोजी महाल भागातल्या आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर मी अशाच झोपेत असताना माझ्या अंगाखालची गादी सरकू लागली. डोळे उघडून पाहिले, तर पायथ्याशी चिरंजीव, त्यांच्यामागे समोरच्या घरातले जुळे भाऊ आणि त्यांच्याही मागे खालच्या भाडेकरूंचा मुलगा, असे चौघे जण नांगराला जुंपल्यासारखे गादी ओढत होते.

"बाबा, बाजूला व्हा न. गादी पाहिजे."

"कायले?"

"रिंग करायची आहे. अन् साडेपाच होऊन राहिले, लवकर उठा."

साडेपाचला काय होते, हे मला आदल्या आठवड्यात किमान वीस वेळा सांगण्यात आले होते. अमेरिकेत ह्यूस्टन नावाच्या गावी रविवारी संध्याकाळी सात वाजता डब्ल्यूडब्ल्यूई या कंपनीचा व्यावसायिक कुस्तीचा एक मोठा कार्यक्रम होता, आणि तिथे रविवारचे सात वाजतात तेव्हा नागपुरात सोमवारचे पहाटेचे साडेपाच वाजतात. कार्यक्रमाचे नाव ‘व्हेंजन्स: नाइट ऑफ चॅम्पियन्स’ असे होते आणि त्यात कंपनीच्या मालकीचे सगळेच्या सगळे, म्हणजे नऊ, किताब आणि त्यांचे कमरेचे पट्टे पणाला लागणार होते. एरवी एका कार्यक्रमात तीन-चार पट्टे पणाला लावून बाकीचे विजेते घरी निवांत बसतात. या रात्री मात्र कोणालाही सुटका नव्हती. विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून उघडतात, तेव्हा मुलांना सुट्टी होतीच. मला नव्हती, पण तो मुद्दा कोणी विचारात घेतला नाही.

मी जो वाढलो तो महालातल्या आखाड्यांच्या कथा ऐकत. आमच्या वडिलांच्या दृष्टीने कुस्ती म्हणजे लाल माती, लंगोट आणि वस्तादाची शिवी. त्यापलीकडचे सगळे नाटक. महाराष्ट्र केसरीची परंपरा १९६१ पासूनची, आणि तिथेही अखेर गदा एकच. ती ज्याच्या खांद्यावर गेली तो केसरी आणि बाकीचे घरी, हा हिशेब मला समजतो. एका संध्याकाळी नऊ किताब वाटणे हे मला कुस्तीपेक्षा शाळेच्या स्नेहसंमेलनाजवळचे वाटत होते. त्यातही ‘जागतिक’ म्हणवणारे विजेते तीन निघाले, तेव्हा मी जग एकच असल्याची आठवण करून दिली. चिरंजीवांनी अत्यंत संयमाने मला समजावले की कंपनीने २००१ मध्ये प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली, मल्ल फार झाले म्हणून २००२ मध्ये त्यांच्या रॉ आणि स्मॅकडाउन अशा दोन वाटण्या केल्या, २००६ मध्ये ईसीडब्ल्यू ही तिसरी काढली, आणि प्रत्येक वाटणीचा पट्टा वेगळा.

"म्हणजे एका घरात तीन चुली," आई म्हणाली. आमच्या आईला तोवर कोणी उठवले नव्हते. पण दिवाणखान्यात सात मुले, एक मुलगी आणि दोन गाद्या आल्यावर तिला झोपून राहणेही शक्य नव्हते. ती खाटेवर बसली, चष्मा लावला आणि सकाळच्या भजनाचे चॅनल लावा म्हणाली. तिची मागणी एकमताने फेटाळण्यात आली.

येथे आमच्या घराची एक हकिकत सांगणे भाग आहे, कारण तिच्यावाचून पुढचे कळणार नाही. आमच्या तळमजल्यावर जे भाडेकरू आहेत, त्यांच्यावर वडिलांनी १९९४ साली दावा लावला होता. दावा लागला तेव्हा आपल्याकडे १९४९ चा सी. पी. अँड बेरार भाडेनियंत्रण आदेश चालत असे. २००० साली महाराष्ट्राचा नवा कायदा लागू झाला, पुढे वडील गेले, दोन्हीकडचे वकील म्हातारे झाले, आणि दावा मात्र तारखांवर तारखा घेत तेरा वर्षांचा घोडा झाला होता. मधल्या काळात आम्ही भाडे घेणे बंद केल्यामुळे ते दरमहा मनीऑर्डरने १२५ रुपये पाठवत, आम्ही ती परत करत, आणि पोस्टमन दोन्ही मजल्यांवर पाणी पिऊन जाई. एवढे सोडल्यास दोन्ही घरांचे संबंध उत्तम होते. विरजण त्यांच्याकडून यायचे, कढीपत्ता आमच्याकडून जायचा, आणि त्यांचा मुलगा तर आमच्याच घरात लहानाचा मोठा होत होता.

आता पुन्हा ह्यूस्टनला जाऊ.

उमागा नावाचा दीडशे किलोंहून अधिक वजनाचा, तोंडावर रंगाच्या रेघा ओढलेला एक मल्ल सॅन्टिनो मारेला नावाच्या इंटरकॉन्टिनेंटल विजेत्याला कोपऱ्यात घालून बदडत होता. बदडत होता म्हणजे इतके, की रेफरी बाजूला हो म्हणत असतानाही तो थांबेना. शेवटी रेफरीने घंटा वाजवायला लावून उमागाला बाद ठरवले. मार खाऊन आडव्या झालेल्या सॅन्टिनोला विजयी घोषित करण्यात आले आणि पट्टा त्याच्याच जवळ राहिला.

आईने पोथी मिटली. "कोण जिंकलं बापू?"

"आजी, तो खाली पडला आहे न, तो."

"अन् पट्टा?"

"त्याच्याच जवळ. कोणीही डिसक्वालिफाय झाला तर बेल्ट जात नाही. काउंटआउट झाला तरी जात नाही. बेल्ट घ्यायचा तर नीट पाडून तीन मोजावे लागतात, नाही तर शरण आणावं लागते."

आई काही क्षण विचार करत बसली. मग तिने जिन्याच्या दिशेने, म्हणजे तळमजल्याकडे, एक सूचक दृष्टिक्षेप टाकला आणि म्हणाली, "मंग हे आपल्या खालच्यासारखंच झालं. मार त्याले पडून राहिला, पण ताबा त्याचाच."

मी या खेळाविषयी नंतर पुष्कळ वाचले. पण याहून नेमके स्पष्टीकरण मला कुठे आढळले नाही. व्यावसायिक कुस्तीतला विजेता हा मालक नसतो, तो कब्जेदार असतो. त्याला जिंकण्याची गरज नसते. त्याने फक्त कायदेशीर रीतीने हरायचे नसते. पळून जा, खुर्ची हाणून स्वतःच बाद हो, रिंगबाहेर दहा आकडे मोजून होईपर्यंत परत येऊ नको. सामना जाईल, पण ताबा सुटणार नाही. त्या सकाळी एज नावाच्या विजेत्याने बटिस्टा या दांडगेश्वराला असेच झुलवले. बटिस्टाची ही शेवटची संधी, हुकली तर पुन्हा मागता येणार नाही, अशी अट होती. आकडे मोजून झाले तेव्हा बटिस्टा रिंगबाहेरच होता, आणि त्याची संधी गेली. आई हळहळली. बटिस्टाचा वकील तिला कच्चा वाटला.

ह्या सगळ्या कुस्त्या ठरवून केलेल्या असतात, हे मी तीन वेळा सांगून पाहिले. कंपनीने स्वतःच १९८९ साली न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे हा खेळ नसून करमणूक आहे असे कबूल केले, कारण खेळ म्हटले की सरकारी नियंत्रण आणि कर मागे लागतात, हेही सांगितले. कोणावर काही परिणाम झाला नाही. आईने मात्र हे लोक कधी कोर्टात गेले आहेत का, असे विचारले. गेले होते. कंपनीची जुनी आद्याक्षरे, डब्ल्यूडब्ल्यूएफ, वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या आद्याक्षरांसारखीच होती. इंग्लंडच्या कोर्टात निकाल विरुद्ध गेला आणि २००२ साली नाव बदलावे लागले. त्या संस्थेचे चिन्ह पांडा आहे. एवढे सगळे राक्षस पदरी बाळगून शेवटी पांडाकडून चीत होणे ही मला तरी या क्षेत्रातली सर्वांत खरी कुस्ती वाटते.

मध्ये रिक फ्लेअर नावाचा पांढऱ्या केसांचा गृहस्थ आला. त्याचे वय ५८ आहे हे कळल्यावर मी सरसावून बसलो. आमच्या राज्य शासनात ५८व्या वर्षी माणसाला शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवतात, आणि हा त्याच वयात चड्डीवर येऊन एका तरण्या मल्लाकडे युनायटेड स्टेट्सचा पट्टा मागत होता. "याले पेन्शन नाही का जी?" असे आईने कळवळून विचारले. तो हरला, तेव्हा मी नकळत मांडीवर हात आपटला. चिरंजीवांनी माझ्याकडे वळून पाहिले. मी डास मारल्याचे सांगितले.

शेवटचा सामना पाच जणांचा होता. एकाच पट्ट्यासाठी पाच जण एकदम रिंगमध्ये उतरले, त्यातल्या कोणीही कोणालाही पाडावे, आणि पाडेल त्याला पट्टा. म्हणजे स्वतः न पडताही विजेत्याचा पट्टा जाऊ शकतो. पाच भावांची वाटणी, असे आईने लगेच ओळखले. जॉन सीनाने मिक फोलीला पाडून पट्टा राखला. आठ वाजून गेले होते. नऊ किताबांचा हिशेब केला, तर सात जिथल्या तिथे होते. ईसीडब्ल्यूचा रिकामा होता, तो भरला गेला. बसलेल्या विजेत्याकडून खरोखर हिसकावून घेतला गेलेला पट्टा एकच, तो बायकांचा. कँडिस मिशेलने मेलिनाकडून घेतलेला. एवढ्यासाठी माझी पहाटेची झोप गेली होती.

मी आंघोळीला गेलो आणि इथे माझी चूक झाली.

मुलांनी घरच्या घरी नऊ किताबांची संपूर्ण रात्र साडेआठ वाजता, भर सकाळी, सुरू केली. पट्टे आदल्या दिवशीच तयार होते आणि चिठ्ठ्या टाकून विजेतेही नेमलेले होते, कारण विजेताच नसेल तर किताब पणाला लावायचा कोणी? टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा, चॉकलेटची चांदी, शाळेचे दोन कमरपट्टे आणि आईच्या जुन्या इरकलीचा काठ एवढ्यांवर आठ पट्टे निघाले होते. क्रूझरवेट हा हलक्या वजनाचा पट्टा घरातल्या कोणालाही चालला असता, कारण तिकडे हलके म्हणजे जवळपास शंभर किलोंपर्यंत, आणि मी ओल्या टॉवेलसकट बासष्ट. बायकांच्या पट्ट्याची मात्र पंचाईत होती. मुलगी एकच, तीच विजेती, तिला प्रतिस्पर्धी नाही; आणि सगळे किताब पणाला लागलेच पाहिजेत हा तर कार्यक्रमाचा पायाच. तेव्हा शिष्टमंडळ आईकडे गेले. खाटेवरून उठणार नाही, या अटीवर ती तयार झाली, म्हणून सामना पंजा लढवण्याचा ठरला. पंचेचाळीस वर्षे पाट्यावर चटणी वाटलेला हात तो. मी बाहेर येईस्तोवर निकाल लागून गेला होता. ह्यूस्टनप्रमाणेच आमच्याकडेही हिसकावला गेलेला पट्टा बायकांचाच.

माझ्या गादीची शिवण एका बाजूने उसवून कापूस बाहेर आला होता. त्याचे मी पाहून घेतले असते. पण साडेनऊ वाजता पँट चढवून खुंटीकडे हात नेला, तर खुंटी रिकामी.

"माझा बेल्ट कुठे आहे रे?"

सगळे गप्प. नववा पट्टा, म्हणजे वर्ल्ड हेवीवेट, हा खऱ्या चामड्याचा असावा असे ठरले होते.

"बाबा, तो खालच्याजवळ आहे," चिरंजीव म्हणाले. "चिठ्ठीत त्याचंच नाव आलं होतं. मी आज त्याले पाडलाच होता, दोन मोजून झाले होते, तर तो गादीवरून उतरला अन् जिन्यानं पळून गेला. आम्ही दहा मोजले. मॅच मी जिंकलो."

"मग बेल्ट?"

"काउंटआउटवर बेल्ट जात नाही न बाबा. सकाळी सांगितलं होतं तुम्हाला."

एका हाताने पँट धरून मी जिना उतरलो. दार खुद्द भाडेकरूंनीच उघडले आणि या जी, चहा घेता का, असे अगत्याने विचारले. त्यांच्यामागे त्यांचा मुलगा उभा होता. माझा पट्टा त्याच्या कमरेला दोन वेढे बसून वर वीतभर उरला होता आणि ते टोक त्याने खांद्यावर टाकले होते. मला ऑफिसला उशीर होतो आहे, सिव्हिल लाइन्सपर्यंत स्कूटरवर एका हाताने जाता येत नाही, हे सगळे मी त्याला शांतपणे सांगितले. त्यानेही ते शांतपणे ऐकून घेतले.

"काका, नियमात नाही बसत," तो म्हणाला. "हरल्याशिवाय देता येत नाही. पुढची मॅच रविवारी ठेवली आहे."

त्याचे वडील काही बोलले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर तेच सौम्य, दिलगीर हसू होते, जे मी कोर्टाच्या व्हरांड्यात तेरा वर्षे पाहत आलो होतो.

मी वर आलो आणि आईकडे एखादी नाडी मागितली. ती देवापुढे बसली होती. कमरेला इरकलीचा काठ बांधलेला होता, त्यावर शिवलेले सोनपापडीच्या डब्याचे झाकण समईच्या उजेडात चमकत होते, आणि हातातली घंटी तिने थांबवली नव्हती.

"काय झालं? नाही देत म्हणते?"

"नाही."

"तारीख कोणती पडली?"

"रविवारची," मी म्हणालो.