चीज, जिरं आणि रेनेट : सांगलीच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार. तुम्ही प्रतिक्रियेत वय लिहिलंय, म्हणून काका म्हणते. माझी आवडती चीजं आणि इथे नेदरलँड्समध्ये लोक ती कशी खातात, यावरचा माझा लेख वाचून तुम्ही चार गोष्टी सुनावल्यात. बाकीच्या वाचकांसाठी त्या थोडक्यात सांगते. चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध साकळवणारा पदार्थ, असतं, याबद्दल लेखात चकार शब्द नाही. ताजं लोणी, चक्का, तूप असलेल्या आपल्या लोकांना मी दीड वर्ष शिळ्या दुधाची थोरवी सांगते. चीजमध्ये जिरं असतं हे मी आपल्या माणसांना बरं वाटावं म्हणून रचलंय. आणि भारतात मिळणाऱ्या चीजला मी नाक मुरडलंय. शेवटी तुम्ही लिहिलंत की, मुलीने आणलेला खाउदाचा (हे डच चीज, इंग्रजीत Gouda) तुकडा लेख वाचून उघडणार होतात, तेवढ्यात शेजाऱ्यांनी रेनेटचं सांगितलं आणि तो फ्रीजमध्ये तसाच पडून आहे.

रेनेटबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे, आणि चूक माझी आहे. मी मांसाहार करते, त्यामुळे हा प्रश्न लिहिताना माझ्या मनातच आला नाही. पण वाचणाऱ्यांत निम्मे लोक शाकाहारी असतील हे मला कळायला हवं होतं. मनापासून माफी मागते. लेखाच्या सुरुवातीलाच आता तशी टीप घातली आहे.

आता नीट सांगते. दूध पिणाऱ्या वासराच्या जठराच्या चौथ्या कप्प्यात दूध साकळवणारं कायमोसिन नावाचं विकर (एन्झाइम) असतं. परंपरेने रेनेट तिथूनच काढतात, आणि त्यासाठी वासरू मारलेलं असतं. आज बुरशीपासून मिळवलेलं किंवा सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेतलेलं रेनेटही सर्रास वापरतात, त्यात वासराचा संबंध येत नाही. म्हणजे सगळं चीज मांसाहारी असं नाही, आणि सगळं शाकाहारी असंही नाही. इटलीच्या पार्मिजानो रेज्जानोला मात्र वासराचंच रेनेट हवं असा नियम आहे, त्यामुळे ते शाकाहारी असूच शकत नाही. खाउदाचं तसं नाही, ते दोन्ही प्रकारांनी बनतं. डच वेष्टनावर रेनेटला 'स्ट्रेम्सेल' म्हणतात. त्याच्या आधी 'मिक्रोबिएल' किंवा 'वेखेतारिस' असेल तर ते वासराचं नाही. नुसतंच 'स्ट्रेम्सेल' असेल तर काही कळत नाही, दुकानदाराला विचारावं लागतं. भारतात हिरवा ठिपका बघून आपण निर्धास्त होतो, तशी सक्तीची खूण इथे नाही.

जिऱ्याबद्दल मात्र मी माझ्या शब्दाला चिकटून आहे. लायडन शहराच्या आसपास शेतकरी जे चीज करतात त्यात जिरं असतं, आणि ते काही आपल्यासाठी घातलेलं नाही. पिढ्यान् पिढ्यांची ही रीत आहे. त्या चीजच्या पाठीवर एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या दोन चाव्यांचा शिक्का असतो, लायडन शहराचं ते चिन्ह. 'बूरन-लायत्स' या नावाला 1997 पासून युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षणही आहे.

मी ते होताना पाहिलंय. घरापासून सायकलने पाऊण तासावर एक गोठा आहे, तिथल्या बाईंनी एका सकाळी मला उभं राहू दिलं. कोमट दुधात आधी विरजण, मग रेनेट. अर्ध्या तासाने हौदातलं सगळं दूध एकसंध थरथरायला लागलं, आपल्या घट्ट कवडीदह्यासारखं. मग तारांच्या चौकटीने त्याचे बारीक तुकडे केले आणि निवळी सुटली. जिरं त्यांनी वेगळं उकळून ठेवलं होतं. ते त्या पांढऱ्या तुकड्यांत पडलं तेव्हा जो वास आला, त्याने मी थेट आईच्या स्वयंपाकघरात पोचले. साच्यात भरताना त्यांनी खाली साधा थर दिला, मध्ये जिऱ्याचा आणि वर पुन्हा साधा, म्हणजे जिरं सालीतून डोकावत नाही. आणि काका, हे वाचून तुम्हाला बरं वाटेल: या चीजची लाल साल पूर्वी ज्या रंगाने माखत, त्यात शेंदरीच्या बियांबरोबर चीक असायचा. नुकत्याच व्यालेल्या गाईचा चीक, ज्याचा आपण खरवस करतो. हे ऐकून मी त्यांना खरवस कसा करतात ते सांगितलं, वेलदोड्यासकट.

उत्तरेला फ्रिसलंड प्रांतात लवंगा घातलेलं चीज मिळतं. 'नाखेलकास', म्हणजे खिळ्यांचं चीज, कारण लवंग खिळ्यासारखी दिसते. लवंगा इथे आल्या इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांवरून, 1602 साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांनी त्या भरभरून आणल्या. वेंगुर्ल्याला ज्या डच वखारीचे अवशेष उभे आहेत ती याच कंपनीची. जिरं मात्र त्यांनी आपल्याकडून नेलं असं म्हणता येत नाही, युरोपात ते रोमनांच्या काळापासून ठाऊक होतं. तेवढा मोह मी लेखातही टाळला होता.

आता शिळेपणाचा मुद्दा. तुम्ही सांगलीचे, तुमच्या घरी वर्षभराचं लिंबाचं लोणचं असेलच. मुरलेल्या लोणच्याला आपण शिळं म्हणत नाही. चीज तसंच मुरतं. खाउदात साकळलेल्या दुधातली थोडी निवळी काढून तिच्या जागी गरम पाणी घालतात, त्याने दुधातली साखर कमी होते आणि चीज आंबटाकडे न जाता गोडसर राहतं. बारा किलोच्या एका चाकाला साधारण 120 लिटर दूध लागतं. महिनाभराचं 'योंग' मऊ आणि दुधाळ, चार महिन्यांचं 'बेलेखन' जरा बोलकं, दहा-बारा महिन्यांचं 'आउट' म्हणजे जुनं, त्यापुढे दीड वर्षाचं. जुनं चीज सुरीखाली कापलं जात नाही, तुटतं. तुटलेल्या कडेवर पांढरे कण दिसतात, दाताखाली कुरकुरतात. लोकांना ते मीठ वाटतं. ते मीठ नव्हे, टायरोसिन आहे, प्रथिनं फुटून सुटं झालेलं. इतक्या जुन्या चीजमध्ये दुधातली साखर जवळपास उरलेलीच नसते, म्हणून दूध न सोसणाऱ्या बऱ्याच जणांनाही ते सोसतं. ताजं लोणी मला प्राणाइतकं प्रिय आहे. त्याचा गुण ताजेपणात आहे आणि याचा मुरण्यात, त्यांची आपसांत स्पर्धा कशाला लावायची?

इथली माणसं ते खातात मात्र अगदी साधेपणाने. माझ्या कचेरीत दुपारी बारा वाजता डबे उघडतात आणि दहापैकी सात डब्यांत पाव, लोणी आणि चीजचे पातळ काप असतात. शिजवलेलं काही नाही. पहिल्या वर्षी मला रडू यायचं ते बघून. काप काढायला फटीचं एक चपटं पातं असतं, 1925 साली एका नॉर्वेजियन सुताराने केलेलं, आता इथल्या प्रत्येक घरात आहे. संध्याकाळी पाहुणे आले की जुन्या चीजचे चौकोनी तुकडे आणि शेजारी मोहरीची चटणी. दक्षिणेला सफरचंदाचा काळा, काकवीसारखा पाक पावाला लावून त्यावर चीज ठेवतात, गुळासारखी त्याची गोडी खारटपणाला फार छान धरते. माझ्या सासूबाई इथे आल्या तेव्हा त्यांना जिऱ्याचं चीज गरम भाकरीवर आवडलं, वर लसणीचं तिखट. गेले दहा वर्षं आमच्या घरी ते तसंच खाल्लं जातं.

चौथा मुद्दा. भारतात मिळणाऱ्या प्रोसेस्ड चीजबद्दल 'ते खरं चीज नव्हे' असं वाक्य मी लिहिलं होतं, ते मागे घेते. प्रोसेस्ड चीज म्हणजे तयार चीज क्षारांबरोबर वितळवून पुन्हा घट्ट केलेलं. 1911 साली स्वित्झर्लंडमध्ये वाल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेट्लर यांनी सोडियम सायट्रेट वापरून ते पहिल्यांदा जमवलं, म्हणजे चीजच्याच देशात. त्या क्षारांमुळे ते तापवल्यावर तेल सोडत नाही. मुंबईच्या टोस्ट सँडविचमध्ये, बटाटा-काकडी-बीट आणि हिरव्या चटणीवर, तेच लागतं. मी एकदा तिथे जुनं खाउदा किसून घातलं होतं. तेल सुटून पाव चिप्प झाला आणि चीजचे चिवट गोळे झाले. पण रोज एकाच चवीचं चीज खाणाऱ्याने दुसरंही चाखून बघावं, हे माझं म्हणणं कायम आहे.

तुमच्या फ्रीजमधल्या तुकड्याचं आता बघू. वेष्टनावरचा घटकांचा भाग मुलीला फोटो काढून पाठवा, नाहीतर इथे शब्द लिहा, मी वाचून सांगते. वासराचं रेनेट निघालं, किंवा कळलंच नाही, तर तुम्ही खाऊ नका, शेजाऱ्यांपैकी कुणी खात असेल त्यांना द्या. शाकाहारी निघालं तर तासभर आधी बाहेर काढून ठेवा, गारठलेल्या चीजला चव नसते. पिवळी साल बहुतेक प्लॅस्टिकच्या लेपाची असते, ती काढून टाका. बटाट्याचे काप करायच्या किसणीच्या पात्याने पातळ काप निघतात. उरलेलं प्लॅस्टिकमध्ये आवळू नका, बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात ठेवा. आणि पहिला घास कशाबरोबर खाल्लात ते मात्र नक्की कळवा.