तू... तू... तू... आणि मी

आमच्या कराओके ग्रुपात बावीस जण आहेत. एकवीस गातात. बाविसावा मी.

तसा मीही ग्रुपात गायलाच आलो होतो. पहिल्या दिवशी एक गाणं म्हटलं. मुखडा संपायच्या आत आप्पांनी डोळे मिटले, आणि ते काही दाद द्यायला मिटले नव्हते. गाणं संपल्यावर कुणी काही बोललं नाही. वहिनींनी पोह्यांची बशी पुढे केली आणि अध्यक्ष म्हणाले, "तुम्हाला टेक्निकलची जाण दिसतेय हो. प्लेयर तुम्ही सांभाळा." माझी टेक्निकलची जाण म्हणजे काय, तर गाण्याआधी मी माइकचं बटण चालू केलं होतं. माझ्याआधीचे तिघे बंद माइकमध्ये गाऊन, टाळ्या घेऊन बसले होते.

त्या दिवसापासून डिस्क प्लेयर, म्हणजे गाण्याचं नुसतं संगीत वाजवणारं यंत्र, माझ्याकडे. या खात्याची गंमत अशी की गाणं छान झालं तर ते गाणाऱ्याचं, आणि अडकलं तर माझं.

ते अडकलं गेल्या दिवाळी पहाटेला. पहाटे साडेपाच वाजता चारशे माणसं नटूनथटून कार्यालयात बसलेली, उटण्याचा आणि अत्तराचा वास, आणि शेवटचं गाणं वहिनींचं. अंतऱ्यात "तू" वर एक लांब जागा होती. वहिनींनी ती घेतली, आणि तिथेच प्लेयरही थांबला. थांबला म्हणजे गप्प बसला असता तर ठीक होतं. तो "टुंग, टुंग, टुंग" करत एका जागी फिरायला लागला. वहिनी शिस्तीच्या. ट्रॅक सांगेल तसं गायचं ही आप्पांची शिकवण. त्यांनी प्रत्येक "टुंग"ला एक स्वच्छ "तू" दिला. मी मोजले, चौदा. सातव्या तू ला पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी "वाहवा!" म्हणून हात वर केला, दहाव्याला टाळ्या सुरू झाल्या. चौदाव्याला मी टेबलावर बुक्की मारली, प्लेयर भानावर आला आणि गाणं पुढे सरकलं. चारशे लोकांनी मात्र वहिनींकडे न बघता माझ्याकडे बघितलं. रसभंग करणारा माणूस म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी डिस्क बाहेर काढून उजेडात धरली. कडेपाशी अंगठ्याचा ठसा, स्पष्ट, रेषान् रेषा दिसावी असा, तेलात उमटलेला. चकलीचं तेल. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे भरलेल्या डिस्कवर शेवटचं गाणं कडेला असतं आणि आपण डिस्क धरतो तीही कडेलाच. म्हणजे कार्यक्रमाचा कळस नेमका जिथे असतो, तिथेच माणसाची बोटं. दोन रेषांमधलं अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजायचं, त्यावर लेझरचा किरण धरायचा आणि मध्ये भाजणीची चकली. त्या बिचाऱ्याने चौदा वेळा तरी प्रयत्न केला.

ग्रुपची तातडीची बैठक झाली. अजेंडा एकच: नवा, भरवशाचा प्लेयर.

आता तुमच्या मनात येतंय तेच तिथे पहिल्यांदा आलं. "अहो, आजकाल डिस्क कोण वापरतं? मोबाइल लावा." हा प्रयोग आम्ही करून चुकलो होतो. एका विरहगीताच्या मध्यावर अध्यक्षांच्या मोबाइलवर फोन आला. त्यांची रिंगटोन गणपतीची आरती. दोन मोठ्या स्पीकरांतून आरती सुरू झाल्यावर पुढच्या तीन रांगा हात जोडून उभ्या राहिल्या, आणि मध्येच फोन कापला गेल्याने बसावं की नाही हे कुणालाच कळेना. मग लॅपटॉप आणला. त्याने ऐन मध्यंतरानंतर "अपडेट होत आहे, संगणक बंद करू नका" असं जाहीर करून बारा टक्क्यांवर समाधी लावली. पेन ड्राइव्हमध्ये एकच गाणं तीन पट्ट्यांत आणि पाच स्पेलिंगांत होतं. बाईंसाठी बाप्यांचा ट्रॅक लागायचा आणि बाप्ये बिचारे टाचा उंचावून गायचे.

पण खरं कारण वेगळं होतं. आप्पांच्या डिस्का. २००६ पासून आप्पा घरच्या कॉम्प्युटरवर ट्रॅक बर्न करत आलेत. तीनशे सोळा डिस्का, प्रत्येकीवर मार्करने सुवाच्य अक्षरात गाणी, पट्टी, लेडीज की जेंट्स. घाईने बर्न केलेली डिस्क दगा देते म्हणून सगळ्यात कमी स्पीडवर. वर कागदी लेबल चिकटवायचं नाही, ते उन्हाळ्यात सुटतं आणि आत अडकतं. या डिस्का मोडीत काढा असं आप्पांच्या तोंडावर म्हणणार कोण? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "डिस्क प्लेयरच बघतो."

पुण्याच्या तपकीर गल्लीत पहिल्या दुकानदाराला सांगितलं, "डिस्क प्लेयर हवाय, लाइव्ह कार्यक्रमाला, कराओकेसाठी." त्याने चष्मा वर केला. "काका, माझा मुलगा विचारत होता डीव्हीडी म्हणजे काय. त्याला दाखवायला मीच एक शोधतोय." दुसऱ्याने माळ्यावरून एक खोका काढला, फुंकर मारली आणि म्हणाला, "शेवटचा पीस." तिसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या दुकानातही शेवटचाच पीस होता. पाचवं दुकान बंद होतं. तिथला शेवटचा पीस बहुधा गेला असावा.

घरी सिनेमा बघायच्या प्लेयरची खोड अशी की त्याला थांबणं माहीत नाही. एक गाणं संपलं की लगेच पुढचं. इकडे निवेदिका माइकवर "आता यानंतर येत आहेत..." म्हणत कवीचा जीवनपट सांगत असते आणि मागे तबल्याचा तुकडा वाजून गाणं अर्धं पुढे गेलेलंही असतं. विराम दाबावा, तर दोन मिनिटांत पडद्यावर कंपनीचं चिन्ह या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात आपटत फिरायला लागतं आणि सगळं सभागृह ते बरोब्बर कोपऱ्यात जाऊन बसतं का हे श्वास रोखून बघत राहतं. एका कार्यक्रमात त्यालाच सर्वांत मोठी टाळी पडली होती.

दुसरी भानगड पट्टीची. आमच्याकडे प्रत्येकाची पट्टी वेगळी आणि ती दर महिन्याला खाली येते. पेटीवरच्या काळी चारचा ट्रॅक पांढरी चारवर आणायचा तर तीन पायऱ्या उतरायचं. हे 'की'चं बटण असलेल्या कराओके प्लेयरला जमतं. साध्या प्लेयरवर 'स्लो' केलं तर सूर उतरो न उतरो, लय आधी उतरते आणि लग्नाच्या गाण्याला अंत्ययात्रेची चाल येते. की-वाल्या यंत्रालाही फार खाली ओढू नये. तीन पायऱ्यांपर्यंत निभावतं, पुढे सनई अशी हंबरते की गोठा आठवतो.

तिसरी भानगड ऐका, कारण यात मी एकदा होरपळलोय. कराओकेच्या व्हिडिओ सीडीत पुष्कळदा डाव्या-उजव्या आवाजांपैकी एका बाजूला नुसतं संगीत आणि दुसऱ्या बाजूला गायकासकट संगीत असतं. डावं-उजवं निवडायचं ते रिमोटवर. मी एकदा विसरलो. आमच्या ग्रुपातले एक सद्गृहस्थ माइक तोंडाशी नेताहेत, अजून तोंड उघडलेलं नाही, आणि गाणं सुरू! त्यांनी प्रसंगावधान राखून नुसते ओठ हलवले. आजही लोक त्यांना भेटून सांगतात, तुमचं ते गाणं काय झालं होतं! त्यांनी मला आजतागायत माफ केलेलं नाही, कारण त्यानंतरच्या प्रत्येक कार्यक्रमात त्यांना स्वतःच्या आवाजात गावं लागतंय.

दुकानात मी तीन डिस्का घेऊन जात असे. एक आप्पांची अतिशय ओरखडलेली, एक काठोकाठ भरलेली, आणि एक सीडीजी, म्हणजे आवाजाच्या आडून गाण्याचे शब्द पडद्यावर घेऊन येणारी. साध्या प्लेयरवर ती वाजते पण शब्द गुलदस्त्यात राहतात. तिन्ही चालल्या की माझी शेवटची परीक्षा: शेवटचं गाणं लावायचं आणि टेबलाला दणका द्यायचा. स्टेजवर प्लेयर ढोलाइतक्या स्पीकरशेजारी बसणार आहे, काउंटरच्या दणक्याने जो बिचकतो तो तिथे काय टिकणार? हे मी दुकानदारांना समजावून सांगत असे, पण दणक्यानंतर. एकाने मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोबत केली.

या खटाटोपात मी कराओकेचं मूळ शोधून काढलं. जपानी भाषेत 'कारा' म्हणजे रिकामं आणि 'ओके' हा ऑर्केस्ट्राचा तुकडा. कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाचे वादक होते. एका गिऱ्हाइकाला सहलीत गायचं होतं, इनोउएंनी साथीला यावं असा त्याचा आग्रह. इनोउएंना जाणं जमेना, म्हणून त्यांनी साथ टेपवर वाजवून दिली. त्यातून १९७१ मध्ये नाणं टाकून चालणारी पेटी तयार झाली. पेटंट काही त्यांनी घेतलं नाही. २००४ मध्ये त्यांना इग नोबेल, म्हणजे नोबेलची गमतीदार नक्कल, मिळालं, तेही शांततेचं: माणसांना एकमेकांना सहन करायला शिकवणारा नवा मार्ग दिला म्हणून. मी ही माहिती बैठकीत सांगितली तेव्हा अध्यक्ष गहिवरले. त्यांना वाटलं संगीतसेवेसाठीच मिळालं.

शेवटी प्लेयर मिळाला तो दुकानात नाही, एका मंडपवाल्याच्या गोदामात. डीजेवाले वापरायचे तसला, दोन डिस्कांचा, लोखंडी, बत्त्यासारखा जड. एक गाणं झालं की आपोआप थांबतो, दुसऱ्या बाजूला पुढचं तयार ठेवता येतं. पडद्यावर शब्द नाहीत, पण आमच्याकडे वह्या आहेत. किंमत साडेसहा हजार. मी त्यावर दोनदा बुक्की मारली. मंडपवाला म्हणाला, "साहेब, जोरात मारा, हा विसर्जनाच्या ट्रकवर सात वर्षं वाजलाय." मी तिथल्या तिथे पैसे मोजले. वर दीड हजारांत एक शेवटचा पीसही घेऊन ठेवला, जोडीला. एक महाग घेण्यापेक्षा दोन घ्यावेत या मताचा मी आहे, कारण बंद पडण्याची बुद्धी दोघांना एकाच क्षणी होत नाही. लेन्स पुसली, खाली जुन्या योगा मॅटची चौपदरी घडी घातली आणि डिस्का सुती फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसल्या. गोल गोल पुसायच्या नाहीत, हे आप्पांनी सांगितलं. चकलीचा अंगठा मात्र मी स्वतः पुसला.

गुढीपाडव्याचा कार्यक्रम. अडीच तास, सव्वीस गाणी, प्लेयर एकदाही चुकला नाही. मध्ये वीज गेली, जनरेटर आला, त्याने डिस्क पुन्हा वाचली आणि मुकाट कामाला लागला. मी कृतार्थ होऊन बसलो होतो.

आणि तिथेच बिनसलं. अध्यक्ष दुसऱ्या अंतऱ्याचे शब्द विसरले. एरवी अशा वेळी जुना प्लेयर कुठे ना कुठे अडखळायचा, श्वास मिळायचा, वही सापडायची. हा थांबेना. बासरी संपली, व्हायोलिनं आली, अध्यक्षांचा अंतरा गेला तो गेलाच. त्यांनी माइकवर माझ्याकडे हात करून सांगितलं, "जरा टेक्निकल प्रॉब्लेम आहे." मागे संगीत खणखणीत चालू होतं. तरीही चारशे माना माझ्याकडे वळल्या. मी उठलो आणि ग्रुपच्या अब्रूखातर त्या निरपराध यंत्राला एक चापट मारली.

मग तक्रारींची रांगच लागली. "हा प्लेयर फार पुढे पळतो." "याला गाणाऱ्याची कदर नाही." "जुना कसा, सांभाळून घ्यायचा." आप्पांनी फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवला, पण आप्पा गात नव्हते त्या दिवशी, त्यांचा घसा बसला होता.

शेवटी वहिनी. लोकांच्या आग्रहावरून त्यांचं तेच गाणं, तीच डिस्क. "तू" ची जागा आली. वहिनींनी ती घेतली, प्लेयर सरळ पुढे गेला, गाणं ट्रॅकबरहुकूम संपलं. टाळ्या पडल्या, पण हातचं राखून. पुढच्या रांगेतले आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, "आज रंगलं नाही. दिवाळीत काय घोळवला होता तो तू!"

सामान आवरताना वहिनी माझ्याजवळ आल्या. इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं,

"भावजी, तो जुना प्लेयर भंगारात नाही ना दिलात?"

"नाही, माळ्यावर आहे."

"असू द्या. आणि दिवाळीच्या कार्यक्रमाला डिस्का पुसायचं मनावर घेऊ नका. चकल्या मी करून आणते."