चार रात्री असतील तर मुक्काम एकच

दिवाळीचा फराळ संपत आला की आमच्या सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर केरळच्या सहलींच्या पीडीएफ फिरायला लागतात. ४ रात्री ५ दिवस. मुन्नार २, थेक्कडी १, अलेप्पी १. मी पक्ष्यांच्या मागे फिरते हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे कोणी ना कोणी ती मला पाठवून विचारतंच, "बघ गं जरा, बरी आहे का? आम्हाला शांतपणे निसर्गात जायचंय." नुसतं केरळ बघायचंय म्हणाले असते तर "बरी आहे" म्हणून मी मोकळी झाले असते. पण निसर्गासाठी जाणार असाल तर ही आखणी वाईट आहे. का, ते एकदा सविस्तर लिहूनच टाकते, म्हणजे पुढच्या वेळी ही पोस्ट पाठवता येईल.

आधी गाडीतले तास मोजा. कोची विमानतळ ते मुन्नार साधारण ११० किलोमीटर, घाट धरून चार तास. मुन्नार ते थेक्कडी अंतर नव्वदच्या आसपास, पण रस्ता वळणांचा, तीन-साडेतीन तास कुठे गेले नाहीत. थेक्कडीहून अलेप्पी आणखी चार. तिथून परत विमानतळ दोन-अडीच. झाले तेरा-चौदा तास. हे कोणाला घाट लागला नाही आणि ड्रायव्हरने वाटेत मसाल्याच्या बागेत 'पाचच मिनिटं' थांबवलं नाही, असं धरून.

पण तासांच्या बेरजेपेक्षा मला जास्त खुपतं ते हे, की जातात ते नेमके कामाचे तास. तिकडच्या जंगलाचं वेळापत्रक सोपं आहे. डिसेंबरात साडेसहाच्या सुमारास उजाडतं, तेव्हापासून साडेनऊपर्यंत सगळी धांदल. मग ऊन चढतं आणि जंगल गप्प होतं. दुपारी चारनंतर पुन्हा हालचाल, सहा-सव्वासहाला सूर्य मावळला की झपकन अंधार. आपल्याकडे संध्याकाळ रेंगाळते तशी तिथे फार रेंगाळत नाही. त्यानंतर रातवे, घुबडं, बेडूक यांची पाळी सुरू. आता मुक्काम हलवायचा दिवस आठवा. सकाळी बॅगा, चार्जर, मुलांचे मोजे शोधणे, फुकटचा ब्रेकफास्ट वसूल करणे, मग बिल. दहाला निघायचं, संध्याकाळी पोहोचून चेकइन, चहा, आंघोळ. म्हणजे एक मुक्काम हलवला की एक पहाट आणि एक संध्याकाळ गेली. चार रात्रींत तीन ठिकाणं केली तर जंगल जागं असताना तुम्ही जंगलात जवळजवळ नसताच. जंगलात दुपारी बाराला पोहोचता आणि म्हणता, "इथे काही दिसलंच नाही."

शिवाय पाऊस. तिकडे ईशान्य मोसमी पाऊस नोव्हेंबरात असतोच, डिसेंबरातही एखादी सकाळ खाऊन जातो. प्रत्येक जागी एकच सकाळ ठेवली असेल आणि ती पावसात गेली तर ती जागा संपली. एकाच जागी सगळ्या सकाळी असतील तर एक गेल्याचं एवढं काही वाटत नाही.

मग ती एक जागा कोणती? इथे लोक चुकतात, कारण ते जागा फोटोवरून निवडतात. मुन्नारचं उदाहरण घ्या. सुंदर आहे, वादच नाही. पण फोटोत जे हिरवंगार दिसतं ते चहाचे मळे आहेत. एकाच झुडपाची कापून सारखी केलेली लागवड. तिथलं अस्सल वैभव म्हणजे शोला (उंचावरच्या घळींतली ठेंगणी सदाहरित जंगलं), गवताळ माथे आणि निलगिरी ताहर ही रानबकरी. ते बघायचं एराविकुलम राष्ट्रीय उद्यानात, वनखात्याच्या बसने, रांगेत. बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी २०१८ मध्ये फुलली होती, आता २०३० ला. तेव्हा जरूर जा. एरवी मुन्नारात राहून पहाटे हॉटेलातून बाहेर पडलं तर समोर बाजार असतो.

माझी पहिली कसोटी हीच: पहाटे खोलीचं दार उघडून, गाडीत न बसता, चालत कुठे पोहोचता येतं? दुसरी म्हणजे स्टेशन किंवा विमानतळापासून अर्ध्या दिवसात जागा गाठता यावी. तिसरी कसोटी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते आणि ती कोणी लावत नाही. अर्ध्या तासाच्या टप्प्यात जंगलाचे प्रकार किती आहेत? नुसतं दाट जंगल एकसुरी वाटू शकतं. नदी, शेती, झुडुपी माळ, जुनी लागवड, सदाहरित रान हे सगळं एकमेकांना खेटून असेल तर रोज नवं दिसतं.

या तिन्हींत बसणारं माझ्या माहितीतलं केरळातलं ठिकाण म्हणजे तट्टेकाड. एर्नाकुलम जिल्ह्यात, कोतमंगलमपासून बारा-तेरा किलोमीटर, पेरियार नदीच्या काठी. अभयारण्याला नाव पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांचं. १९३३ च्या सुमारास त्यांनी त्रावणकोर-कोचीनच्या पक्ष्यांची पाहणी केली तेव्हा ही जागा त्यांच्या नजरेत भरली, आणि १९८३ मध्ये तिथे अभयारण्य झालं. क्षेत्रफळ फक्त २५ चौरस किलोमीटर. थेक्कडीचा पेरियार व्याघ्र प्रकल्प ९२५ चौरस किलोमीटरचा आहे, त्यापुढे हे म्हणजे चिमूटभर. पण उंची कमी, हवा दमट, एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला डोंगर चढत गेलेला, मधे भातखाचरं, साग, रबर. आपण जिथे राहतो त्या घराच्या मागच्या जायफळाच्या बागेतच सकाळचा पहिला तास निघून जातो.

तिथे मोठी हॉटेलं जवळजवळ नाहीत. घरं आहेत, आणि घरातलं कोणीतरी गाइड असतं. आम्ही राहिलो त्या घरातल्या चेचींनी (चेची म्हणजे मल्याळममध्ये ताई) मागच्या अंगणात जमिनीलगत एक उथळ कुंड केलं होतं. वर काटक्या, भोवती पालापाचोळा, बाजूला हिरवं कापड लावलेला आडोसा. दुपारी चारला त्या कळशीने पाणी ओतायच्या आणि आम्ही आडोशामागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसायचो. पहिल्या दिवशी बुलबुल आणि सातभाई आले, बाकी डासच. दुसऱ्या दिवशी कस्तुर आला, मग पाचू कवडा (हिरव्या पंखांचं रानकबूतर), एक निळा माशीमार. त्याच्या पुढच्या दिवशी कोण किती वाजता येतं हे आमच्या मुलीलाच पाठ झालं होतं, "आता कबूतर येईल बघ" म्हणाली आणि पाचू कवडा खरंच चालत आला. हे एका रात्रीच्या मुक्कामात होत नाही.

आणि फ्रॉगमाउथ. सह्याद्री आणि श्रीलंका सोडून जगात कुठे नाही असा हा निशाचर पक्षी. दिवसा जोडीने, एकमेकांना चिकटून, वेलींच्या जाळीत झोपतो. नर राखाडी, मादी तांबूस, आणि दोघंही हुबेहूब वाळलेली पानं. चेचींच्या मुलाने बोट दाखवलं, मला पानंच दिसली. त्याने आणखी जवळ नेलं. हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर दोन पानं होती आणि त्यातल्या एकाला मिशा होत्या. त्याला ती जोडी माहीत होती कारण तो रोज तिथून जातो. टूरबरोबर आलेल्या ड्रायव्हरला माहीत असायचं कारण नाही, त्या बिचाऱ्याला रात्री थेक्कडी गाठायची असते.

कोकणातल्यांसाठी एक गंमत. पावसाच्या तोंडावर आपल्याकडे येऊन दोन सुरांची शीळ घालणारा नवरंग पक्षी हिवाळ्यात दक्षिणेला जातो. तट्टेकाडला तो डिसेंबरात पानं उलथत फिरताना दिसतो. घरचं माणूस परगावी भेटल्याचा आनंद होतो.

आता आक्षेप. "चार दिवस तेच तेच बघून कंटाळा येईल." ज्याला येईल त्याला येईलच, त्याने जाऊ नये. तट्टेकाडला व्ह्यू पॉइंट नाही, खरेदी नाही, थंडी तर मुळीच नाही. दुपारी घामाच्या धारा लागतात आणि पंख्याखाली पडून राहण्याखेरीज उद्योग नसतो. मला ते आवडतं, सासूबाईंना आवडेलच असं नाही. (त्यांना जेवणातलं खोबरेल तेलही आवडलं नव्हतं. पुट्टू-कडला, म्हणजे वाफवलेलं तांदळाचं पीठ आणि काळ्या चण्यांची उसळ, मात्र दोनदा मागून घेतला.) जंगलात गाइडशिवाय शिरता येत नाही आणि शिरूही नये, हत्ती आहेत. ताहर, शोला, उंचावरचे पक्षी हे सगळं सोडून द्यावं लागतं. "तट्टेकाडहून एक दिवस मुन्नार करून येऊ" म्हणणाऱ्यांनी तो मोह आवरावा, नाहीतर पुन्हा त्याच गाडीत बसलात.

घरात पक्ष्यांची आवड एकालाच असेल तर थेक्कडीला जा, पण तिथेच चारही रात्री राहा. मुल्लपेरियारचं धरण १८९५ चं, त्याच्या पाण्यावरची ती गर्दीची बोटसफारी म्हणजे थेक्कडी नव्हे. वनखात्याचा बांबूच्या तराफ्याचा दिवसभराचा कार्यक्रम, पायी फेऱ्या, रात्रीची गस्तफेरी यांना वेळ द्या. तिथल्या वाटाड्यांमध्ये पूर्वी चोरून दालचिनीसारखी साल काढणारी, शिकार करणारी माणसं आहेत. वनखात्याने त्यांच्या समित्या करून त्यांना या कामाला लावलं, आणि जंगल त्यांच्याइतकं कोणाला कळणार?

मुलं लहान असतील आणि त्यांना मोठे प्राणी हवे असतील तर केरळचा हट्ट सोडून तमिळनाडूतलं वालपराई बघा. आळियारकडून चाळीस हेअरपिन वळणं चढावी लागतात, तेवढं एकदाच सोसा. वर चहाच्या मळ्यांमध्ये जंगलाचे तुकडे उरलेत आणि त्यात सिंहपुच्छ वानरांचे कळप. रस्ता ओलांडायला त्यांच्यासाठी झाडांना बांधलेले पूल आहेत. हत्ती जवळपास असले की गावात लाल दिवे लागतात, मोबाइलवर संदेश येतो. ती व्यवस्था समजून घेण्यातच मुलांची एक संध्याकाळ मजेत जाते.

आणि सुट्टी जुलै-ऑगस्टात असेल तर इतकं लांब जायचंच कशाला? आंबोली आहे. अट एकच, शनिवार-रविवार टाळायचा आणि धबधब्याखाली भिजायला जायचं नाही. रात्री स्थानिक माणसाबरोबर बॅटरी घेऊन फिरायचं. मलबारी उडता बेडूक, चापडे साप, आणि आंबोलीच्याच नावाचा इवलासा झुडपी बेडूक. हिरण्यकेशीच्या कुंडातल्या माशाची नवी जात २०२० मध्ये नोंदली गेली आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसास्थळ झाली. एका गावात एवढं असताना लोक वाटेत तासभर थांबून, कणीस खाऊन गोव्याला जातात!

बुकिंग करताना फोनवर खोलीत एसी आहे का हे नंतर विचारा. आधी विचारा: सकाळी सहाला आमच्याबरोबर कोण येईल, आणि ते माणूस त्याच गावात राहतं का? उत्तर "हॉटेलतर्फे अरेंज करू" असं आलं तर दुसरा नंबर लावा. तट्टेकाडला विमान नको असेल तर पनवेल-रत्नागिरीकडच्यांना नेत्रावती एक्सप्रेस आहे, नाशिक-कल्याणकडच्यांना मंगला एक्सप्रेस. दोन्ही कोचीजवळच्या आलुव्याला थांबतात, तिथून टॅक्सीने दीड तास. आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं आणि नाताळच्या गाड्या भराभर भरतात. मार्चच्या मध्यानंतर मात्र जाऊ नका, उकडून निघाल आणि मला बोल लावाल.