‘वायफाय लागत नाही? हे सगळं बंद करा’: त्या मेसेजमधलं काय खरं, काय घातक

सार्वजनिक वायफायचे ‘खात्रीशीर उपाय’ सांगणारा एक मेसेज ग्रुपाग्रुपांवर फिरत असतो. शब्द इकडेतिकडे होतात, सांगणं तेच राहतं. स्टेशनवर, हॉस्पिटलात किंवा विमानतळावर वायफायचं लॉगिन होत नसेल तर फोनचा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) कायमचा ८.८.८.८, म्हणजे गूगलचा, करा. प्रायव्हेट डीएनएस आणि ‘रँडम मॅक’ (वायफायला फोनचा खरा ओळखपत्ता न दाखवता बनावट दाखवण्याची सोय) बंद करून टाका. ब्राउझर ‘हे कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणाला तरी ‘पुढे जा’ दाबा. फ्लाइट मोड लावून मग वायफाय चालू करा. १९२.१६८.१.१ नाहीतर १.१.१.१ टाइप करा. तरीही जमलं नाही तर फोन रिसेट मारा, कारण कांड्या पूर्ण असतील तर दोष फोनचाच. आणि शेवटी ठळक अक्षरांत इशारा: फुकटच्या वायफायला नुसतं जोडलं तरी बँकेचं खातं रिकामं होतं.

म्हणजे आधी फोनची सगळी कवचं उतरवायला सांगायची आणि मग त्याच माणसाला घाबरवायचं. हा मेसेज मला निरुपद्रवी वाटत नाही. ज्याच्याकडे भरपूर डेटा आहे त्याला स्टेशनचं वायफाय लागतच नाही. ते लागतं पॅक संपलेल्या विद्यार्थ्याला, किंवा पेशंटसोबत आलेल्या नातेवाइकाला, ज्याला घरी रिपोर्टचा फोटो पाठवायचा असतो. रेल्वेची दूरसंचार कंपनी रेलटेल आणि गूगल यांनी जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून ही सोय सुरू केली. गूगलने २०२० मध्ये आपला भाग आवरता घेत असल्याचं जाहीर केलं, तरी रेलटेलचं ‘रेलवायर’ चालू राहिलं. एर्नाकुलम स्थानकावरच्या एका हमालाने याच वायफायवर व्याख्यानं ऐकून केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा पार केल्याची बातमी २०१८ मध्ये देशभर गाजली होती. अशा माणसाच्या हातात चुकीचा सल्ला पडला तर त्याची किंमत मोठी असते.

मुद्दे घेण्याआधी लॉगिनचं ते पान येतं कुठून हे बघू. बाकी सगळं त्यावरच उभं आहे.

फोन वायफायला जोडला की तो आपल्याला न विचारता एक छोटी चाचणी घेतो. अँड्रॉइड फोन गूगलच्या एका ठरावीक पत्त्याकडे साधी, कूटबद्ध नसलेली (म्हणजे वाटेत कुणालाही वाचता येईल अशी) विनंती पाठवतो आणि ‘२०४’ हे रिकामं उत्तर येण्याची वाट बघतो. आयफोन अ‍ॅपलच्या पानावर ‘सक्सेस’ हा शब्द शोधतो. विंडोजची अशीच स्वतःची चाचणी आहे. तुमचं लॉगिन झालेलं नसेल तर वायफायचं यंत्र ती विनंती मधेच अडवतं आणि अपेक्षित उत्तराऐवजी आपल्या पानाकडे वळवतं. उत्तर वेगळं आलं म्हणजे वाटेत दार आहे हे फोनला कळतं, आणि तो ‘नेटवर्कवर साइन इन करा’ अशी सूचना दाखवतो. थोडक्यात, लॉगिनचं पान म्हणजे परवानगीने केलेली अडवाअडवी. आणि कोणी मधे येऊन उत्तरं देत असेल तर ते ओळखून नाकारायला आपले फोन गेली अनेक वर्षं शिकत आले आहेत. बहुतेक अडचणी या दोन गोष्टींच्या टकरीतून येतात. फोन बिघडलेला नसतो.

‘धोक्याची सूचना आली तरी पुढे जा दाबा.’

या मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हाच. समजा लॉगिन झालेलं नाही आणि तुम्ही थेट मेल किंवा बँकेची साइट उघडली. ती एचटीटीपीएसवर चालते, म्हणजे समोरच्याने आपण तीच साइट असल्याचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. वायफायचं यंत्र मधे उभं राहून उत्तर द्यायला जातं, पण बँकेचं प्रमाणपत्र त्याच्याकडे कुठून असणार? ब्राउझर ओरडतो, आणि तो अगदी बरोबर ओरडत असतो: उत्तर देणारी ही तुमची बँक नाही. तिथे ‘पुढे जा’ दाबायची सवय लागली की त्याच नावाचं खोटं वायफाय लावून बसलेला माणूसही तुम्हाला तसाच आत घेईल. वायफायचं नाव कुणालाही जसंच्या तसं ठेवता येतं. त्याला कसलीही परवानगी लागत नाही. खरं-खोटं सांगणारी खूण म्हणजे हीच सूचना, आणि मेसेज नेमकी तीच पुसायला सांगतो.

योग्य उपाय यापेक्षा सोपा आहे. तो टॅब बंद करा आणि साइन इनची सूचना पुन्हा दाबा. सूचना येतच नसेल तर ब्राउझरमध्ये एखादं कूटबद्ध नसलेलं पान उघडा. नेव्हरएसएसएल डॉट कॉम ही साइट खास याच कामासाठी आहे. तिथे अडवाअडवीला प्रमाणपत्राचा अडथळा येत नाही आणि लॉगिनचं पान समोर येतं. सगळ्याच साइटवर सूचना येत असेल तर फोनची तारीख-वेळ तपासा. घड्याळ चुकलं की चांगली प्रमाणपत्रंही मुदत संपलेली दिसतात.

‘डीएनएस ८.८.८.८ करा.’

लॉगिनच्या बाबतीत हा उपाय उलटा पडतो. लॉगिन होईपर्यंत अनेक नेटवर्कं फक्त स्वतःच्याच डीएनएसला उत्तर देऊ देतात. काही ठिकाणी तर लॉगिनच्या पानाचं नाव बाहेर कुणाला ठाऊकच नसतं. तुम्ही गूगलच्या डीएनएसला विचारत बसलात तर उत्तर येतच नाही आणि पांढरं पान फिरत राहतं. शिवाय अँड्रॉइडवर वायफायचा डीएनएस हाताने भरायचा तर आयपी सेटिंग ‘स्टॅटिक’ करावं लागतं. मग त्या नेटवर्कवरचा फोनचा आयपी पत्ताही आपणच ठरवतो, आणि तो त्या क्षणी दुसऱ्या एखाद्या प्रवाशाला दिलेला असू शकतो. दोघांचंही नेट अडतं. कुणी असं करून ठेवलं असेल तर ते नेटवर्क ‘फरगेट’ करा आणि पुन्हा जोडा.

‘प्रायव्हेट डीएनएस कायमचा बंद ठेवा.’

यात अर्धं तथ्य आहे, म्हणून तो लोकांना पटतो. डीएनएसला विचारलेले प्रश्न कूटबद्ध करण्याची ही सोय २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून आहे. जाहिराती रोखण्यासाठी अनेकांनी त्यात एखाद्या सेवेचं नाव टाकलेलं असतं. तसं असेल तर फोन फक्त त्याच सेवेला कूटबद्ध प्रश्न विचारतो, लॉगिनआधी ती वाट बंद असते, आणि ‘प्रायव्हेट डीएनएस सर्व्हरशी संपर्क होत नाही’ असा संदेश येतो. अशा वेळी सेटिंग ‘ऑटोमॅटिक’ करा, लॉगिन करा आणि नाव परत टाका. ऑटोमॅटिकमध्ये वाट बंद असली तर फोन साध्या पद्धतीवर येतो, त्यामुळे पूर्ण बंद करायची गरज पडत नाही. व्हीपीएनचंही (फोनची सगळी वाहतूक कूटबद्ध करून दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारं अ‍ॅप) हेच. ‘व्हीपीएनशिवाय कनेक्शन रोखा’ हा पर्याय चालू असेल तर लॉगिनचं पान अडकू शकतं. तेवढ्यापुरता तो काढा, दार ओलांडलं की लगेच लावा. मेसेजमधला ‘कायमचा’ हा एक शब्दच सगळं नासवतो, कारण तात्पुरतं उतरवलेलं कवच पुन्हा चढवायला मेसेज सांगत नाही.

रँडम मॅकबद्दलही तसंच. लॉगिन केलेला फोन कोणता हे वायफाय मॅक पत्त्यावरून ओळखतं, हे खरं. पण अँड्रॉइड १० पासून फोन प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा आणि त्या नेटवर्कपुरता साधारण कायम राहणारा पत्ता वापरतो, म्हणून स्टेशनवर सहसा काही बिघडत नाही. कॉलेजच्या किंवा हॉस्टेलच्या ऑफिसात फोनचा पत्ता नोंदवून घेतला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे फक्त त्या एका नेटवर्कपुरता ‘फोनचा मॅक’ निवडा. बाकी सगळीकडे बंद केलात तर दुकानादुकानांतली वायफाय यंत्रं तुमचा एकच फोन ओळखत राहतील.

‘फ्लाइट मोड लावा, मग वायफाय चालू करा.’

आपल्याकडे सार्वजनिक वायफाय देणाऱ्याने वापरणाऱ्याची ओळख नोंदवणं बंधनकारक आहे, म्हणून ओटीपी लागतो. ओटीपी एसएमएसने येतो. फ्लाइट मोडमध्ये सिमच बंद, मग एसएमएस कुठून येणार? माणूस ‘पुन्हा पाठवा’, ‘पुन्हा पाठवा’ दाबत बसतो आणि थोड्या वेळाने पान त्याला रोखून धरतं. मेसेज लिहिणाऱ्याने हे एकदा तरी स्टेशनवर करून पाहिलं असतं तर ही ओळ राहिली नसती.

मात्र यामागे एक खरी गोष्ट आहे. मोबाइल डेटा चालू असेल तर वायफायवर इंटरनेट नाही हे कळताच फोन गुपचूप डेटाकडे वळतो, आणि तुम्ही उघडलेलं पान वायफायच्या दारापर्यंत पोचतच नाही. म्हणून लॉगिन होईपर्यंत फक्त मोबाइल डेटा बंद करा, सिम चालू राहू द्या. एसएमएसला डेटा लागत नाही. डीएनडी (जाहिरातींचे कॉल-मेसेज रोखणारी नोंदणी) केली म्हणून ओटीपी येत नाही, हाही गैरसमज; ओटीपी त्या बंदीत येत नाहीत. दोन सिम असतील तर पानावर दिलेला नंबर या घडीला रेंजमध्ये असलेल्या सिमचाच आहे ना, ते बघा. आणि आयफोनवर लॉगिनची छोटी खिडकी उघडी असताना ओटीपी वाचायला मेसेज अ‍ॅपमध्ये जाऊ नका. खिडकी मिटून सगळं पहिल्यापासून करावं लागू शकतं. वर आलेल्या सूचनेतूनच आकडे वाचा.

परदेशातून आलेल्या नातेवाइकांचा खोळंबा इथेच होतो. अनेक पानं फक्त दहा आकडी भारतीय नंबर घेतात, त्यामुळे दुबईच्या किंवा लंडनच्या सिमवर ओटीपी येतच नाही. लोक मग आपला नंबर टाकून त्यांना आत घेतात. त्यापेक्षा स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट द्यावा, कारण त्या लॉगिनवर जे काही होईल ते तुमच्या नावावर नोंदलं जातं.

‘१९२.१६८.१.१ किंवा १.१.१.१ टाइप करा.’

पहिला पत्ता अनेक घरगुती राउटरचा असतो. मोठ्या नेटवर्कांवर बहुधा १० किंवा १७२ ने सुरू होणारे पत्ते असतात, आणि तो पत्ता सापडला तरी लॉगिनचं पान तिथेच असेल असं नाही. १.१.१.१ चा मात्र खरा इतिहास आहे. सिस्को या नेटवर्क यंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या वायफाय यंत्रणा बसवताना लॉगिनच्या पानासाठी हाच पत्ता ठेवायची पद्धत एके काळी सर्रास होती, त्यामुळे तेव्हा तो चालायचा. १ एप्रिल २०१८ रोजी क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सेवा कंपनीने याच पत्त्यावर आपली सार्वजनिक डीएनएस सेवा सुरू केली. आता तिथे कुठल्या तरी जुन्या यंत्रणेतच लॉगिन सापडेल.

‘कांड्या पूर्ण, म्हणजे दोष फोनचा.’

कांड्या फक्त तुमच्या आणि जवळच्या वायफाय यंत्राच्या मधलं सांगतात. त्या यंत्रापुढे इंटरनेट आहे का, गर्दी किती, याबद्दल त्या काहीच बोलत नाहीत. संध्याकाळच्या गर्दीत दादर किंवा ठाण्याच्या फलाटावर फोन ‘आयपी अ‍ॅड्रेस मिळवत आहे’ इथेच अडकला, तर बरेचदा वाटायचे पत्तेच संपलेले असतात. नेहमीच्या एका छोट्या जाळ्यात २५४ पत्ते मावतात. लोकलने निघून गेलेल्या माणसाचा पत्ताही मुदत संपेपर्यंत अडकून राहतो, आणि मुदत लांब ठेवलेली असेल तर नव्या माणसाला जागाच नाही. लॅपटॉपला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर समजा की नेटवर्कने पत्ता दिलाच नाही, मशीनने स्वतःच एक लावून घेतला. अशा वेळी फोन रिसेट करून काय साधणार? अँड्रॉइडचं नेटवर्क रिसेट घरच्या वायफायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोडण्या पुसून टाकतं, स्टेशनवरचे पत्ते वाढवत नाही. थोडं पुढे, दुसऱ्या यंत्राच्या टप्प्यात जाऊन पाहा, किंवा गर्दी ओसरू द्या.

आणखी एक. स्टेशनवर रोज अर्धा तास फुकट आणि त्यापुढे पैसे भरून, अशी रचना रेलटेलने २०२१ मध्ये आणली. काल चाललं, आज सकाळीही चाललं, आणि दुपारी अचानक बंद पडलं, तर आधी हा अर्धा तास आठवा.

‘नुसतं जोडलं तरी खातं रिकामं.’

दहा-पंधरा वर्षांपूर्वी या भीतीला मोठा आधार होता. २०१० मध्ये फायरशीप नावाचं ब्राउझरचं एक जोडसाधन आलं. त्याने एकाच वायफायवरच्या दुसऱ्या माणसाचं फेसबुक खातं एका क्लिकवर उघडता यायचं, कारण बहुतेक साइट तेव्हा फक्त लॉगिनपुरतं कूटलेखन वापरत. आज बँका, मेल आणि यूपीआय अ‍ॅप सगळा व्यवहार कूटबद्ध करतात, आणि तोच वायफाय वापरणाऱ्याला तुमचा पिन दिसत नाही. म्हणूनच मी सांगतो की प्रमाणपत्राची सूचना कधीही डावलू नका. या भीतीविरुद्धचं तुमचं सगळ्यात भक्कम संरक्षण तेच आहे.

खरा धोका लॉगिनच्या पानावर काय मागितलं जातं यात असतो. मोबाइल नंबर आणि ओटीपी मागणं रास्त. आधार क्रमांक, मेलचा पासवर्ड, एटीएमचा पिन मागितला, किंवा ‘वेग वाढवण्यासाठी हे अ‍ॅप उतरवा’ म्हटलं, तर तिथून निघा. पैसे भरून पॅक घ्यायचा असेल तर यूपीआय पिन फक्त आपल्या यूपीआय अ‍ॅपमध्ये टाका, वेबपानावर कधीच नाही. आलेल्या ओटीपीच्या मेसेजमध्ये वायफायऐवजी बँकेचं नाव असेल, तर तो आकडा त्या पानावर टाकू नका.

या मेसेजने एका पक्षाला पूर्ण मोकळं सोडलं आहे: वायफाय देणाऱ्याला. लॉगिनचं पान कुठे आहे हे नेटवर्कने जोडतानाच फोनला सांगावं, अडवाअडवीची गरजच पडू नये, असं मानक २०२० मध्ये ठरलं आहे, आणि नवे फोन ते समजतात. पत्त्यांची मुदत फलाटासाठी किती ठेवायची, प्रमाणपत्राचं वेळेत नूतनीकरण करायचं की नाही, परदेशी नंबर घ्यायचा की नाही, हे सगळं देणाऱ्याच्या हातात आहे. तेव्हा अडलात तर जागा, वेळ, नेटवर्कचं नाव आणि स्क्रीनवरच्या संदेशाचा फोटो एवढं घेऊन तक्रार करा. ‘वायफाय चालत नाही’ एवढ्यावर कुणी काही करू शकत नाही. ‘फलाट क्रमांक ४, संध्याकाळी साडेसहा, जोडलं पण पत्ता मिळाला नाही’ असं लिहिलंत, तर दोष नेमका कुठे शोधायचा ते समोरच्याला कळतं.